लॉन्ड्रीवरचा डाग

माझी आत्या घाबरट होती, हे आधीच सांगून टाकते. कारण तिच्याबद्दल जे छापून आलं त्यात ती फार धीट बाई असल्याचं लिहिलं होतं. ते वाचून माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले होते, "ही दुसरीच कोणीतरी बाई दिसते."

घरात फोन वाजला की आत्याचे हात गार पडायचे. खोटं नाही सांगत, मी लहानपणी धरून पाहिलेत. दारावर पत्र आलं तर ते ती आधी उजेडाकडे धरून बघायची आणि मग बाबांकडे द्यायची, "दादा, तूच फोड." पण ती जन्मतः अशी नव्हती. बाबा सांगतात की लहानपणी ती छपरावर चढून बसायची आणि आईने हाका मारल्या तरी उतरायची नाही. भीती तिच्यात नंतर शिरली, आणि ती कशी शिरली तेही मला माहीत आहे.

आत्या ग्रहांच्या हवेचा अभ्यास करायची. कुठे न जाता, एका संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून. तिचं काम तिने मला बाबांच्या दुकानात समजावून सांगितलं होतं. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं, घराच्या खालीच. आता ते मी चालवते. तिने रंगीत काचांचा डबा उघडला, एक पिवळी काच खिडकीसमोर धरली आणि विचारलं, "आभाळाचा निळा रंग कुठे गेला?"

"काचेने खाल्ला," मी म्हटलं.

"बरोबर. तशी प्रत्येक वायूची खाण्याची आवड ठरलेली असते. ग्रहावरून परत आलेल्या उन्हाचे बारीक तुकडे करायचे. कुठला तुकडा कमी पडलाय ते बघायचं. मग कळतं मध्ये कोण बसलंय ते."

हे तुकडे करणारं यंत्र उपग्रहावर बसवलेलं असतं. उपग्रह ग्रहाभोवती फिरतो, यंत्र खाली बघतं, आणि आत्या इथे बसून त्याने पाठवलेले आकडे वाचते. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "मी हातभर अंतरावरचं दाखवतो, माझी बहीण कोट्यवधी मैलांवरचं. गर्दी मात्र माझ्याकडेच."

मी सात वर्षांची होते आणि आत्या चौतीस, तेव्हा तिला मंगळाच्या हवेत मिथेन सापडला. पृथ्वीवर मिथेन बराचसा सजीवांमुळे तयार होतो, त्यामुळे मंगळावर तो सापडणं ही साधीसुधी गोष्ट नव्हती. वर्तमानपत्राने पहिल्या पानावर विचारलं, मंगळावर कोणी श्वास घेतंय का? सोबत आत्याचा फोटो, केस विस्कटलेले, हसणारी. बाबांनी तो कापून दुकानाच्या दर्शनी काचेवर चिकटवला. चष्मा नको असलेली माणसंही आत येऊन विचारू लागली, "ती तुमचीच बहीण ना?"

आठ महिन्यांनी दुसऱ्या एका संस्थेतल्या लोकांचं पत्र आलं. उन्हात आलं की यंत्र किंचित तापतं, तापलं की त्याचं माप केसभर सरकतं, आणि मग पाण्याच्या वाफेची खूण बरोबर मिथेनच्या जागी येऊन बसते. मिथेन नव्हताच. वाफ होती, आणि तीही चिमूटभर.

संस्थेत तिला कोणी काही बोललं नाही. तेच वाईट होतं. एका सभेत ती बोलायला उभी राहिली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी शांतपणे विचारलं, "आज मंगळावर कोणी श्वास घेतंय का हो?" सगळे हसले. तीही हसली. त्या दिवशी ती घरी आली आणि मोरीत बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाबांनी दुकानातला फोटो काढला, पण काचेवर चिकटपट्टीचा चौकोन कित्येक दिवस घासूनही निघाला नाही.

त्यानंतर तिने कानाला खडा लावला. पुढची बावीस वर्षं ती इतरांचे आकडे तपासण्याचं काम करत राहिली. शुक्राच्या ढगांतलं गंधक, शनीच्या चंद्रावरचं धुकं, काय काय तिच्या टेबलावरून गेलं. स्वतःचं नाव तिने कशावरही पहिलं लावू दिलं नाही. कोणी काही शोधलं म्हणून धावत आलं की ती म्हणायची, "पुन्हा बघू." संस्थेत तिचं नावच पुन्हा-बाई पडलं. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "दोनदा तपासून बघितलं. नको वाटलं." आम्ही हसायचो, पण तिच्याजवळ बसलं की कळायचं, यात थट्टा नाही. आपण पुन्हा चुकू, आणि या खेपेला चुकलो तर उभं राहता येणार नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

ती छप्पन्न वर्षांची असताना संस्थेकडे नव्या उपग्रहाचं काम आलं. यंत्र तिच्या ओळखीच्याच जातीचं, पण ते बघणार होतं आपल्याच पृथ्वीकडे. त्याचे आकडे खरे येतात की नाही हे पडताळायला पुन्हा-बाईंशिवाय दुसरं कोण होतं?

एका मंगळवारी सकाळी तिला एका चित्रात डाग दिसला. इथून गाडीने चार तासांवर, टेकडीच्या उतारावर वसलेलं एक गाव. गावावर मिथेनचा एक ठिपका, आणि त्याला वाऱ्याच्या दिशेने गेलेली तीनशे मीटरची शेपटी.

तिने पहिल्यांदा नेहमीचंच केलं, विश्वास ठेवला नाही. यंत्राचं तापमान बघितलं. वाफ बघितली. काही छपरांचा रंगही मिथेनसारखा भास करून देतो, म्हणून छपरं बघितली. काहीच सापडेना. चार दिवसांनी उपग्रह पुन्हा त्या गावावरून गेला, आणि डाग पहिल्यापेक्षा गडद होता. तिने हिशेब केला. तासाला दीडशे किलो. एवढा वायू एखाद्या घरातल्या शेगडीतून गळत नाही. नळीने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेनच, तेव्हा जमिनीखालची मोठी नळी कुठेतरी फुटली होती, आणि तो वायू माणसांच्या वस्तीत वर येत होता.

ती विभागप्रमुखांकडे गेली. ते तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, एके काळी तिचेच विद्यार्थी. त्यांनी चित्र बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "पुन्हा बघू."

"दोनदा बघितलंय."

"बाई, तुम्हीच शिकवलंत. तिसऱ्यांदा दिसू दे, मग वर कळवू."

तिसऱ्या खेपेला गावावर ढग होते. ढगातून यंत्राला काही दिसत नाही. त्यापुढची खेप आठवड्याने होती. आत्या मला नंतर म्हणाली की तो दिवस तिने कसा काढला ते तिचं तिलाच आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिने त्या गावच्या गॅस कंपनीला फोन लावला. बावीस वर्षांत तिने आपणहून केलेला हा पहिला असा फोन. कंपनीचा इंजिनिअर भला माणूस असावा, कारण तो त्याच दुपारी वायू मोजायचं यंत्र घेऊन तिने सांगितलेल्या जागी गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"बाई, तुमचा डाग कौलांच्या बंद गोदामावर आहे. आम्ही सगळं गोदाम पालथं घातलं. सुई हललीसुद्धा नाही."

"आसपास?"

"आसपासही बघितलं. तुमच्या उपग्रहाला सर्दी झाली असेल. वाफ द्या."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. पण वाफ हा शब्द ऐकून आत्याने फोन ठेवून दिला. त्यात कंपनीने संस्थेकडे विचारणा केली, आणि विभागप्रमुखांनी तिला बोलावून दार लावून घेतलं. ते रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "बाई, एक मंगळ पुरे झाला."

दोन दिवस ती घरात कोणाशी बोलली नाही. बाबा म्हणाले, तिला तिच्यावर सोडा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडून अक्षरांचा तक्ता पुसत होते, तर ती ऑफिसला जायच्या वेळेला दारात उभी. साडीचा पदर उलटा, हातात गुंडाळलेला कागद.

"गाडी काढशील?" तिने विचारलं. "आत्ता?"

रस्त्याला लागल्यावर तिने सांगितलं. चूक यंत्राची नव्हती, जागेची होती. उपग्रह त्या गावाकडे सरळ वरून नाही, फार तिरका बघत होता. तिरकं बघताना जमिनीची उंची नीट माहीत नसेल तर डाग बाजूला सरकतो. आणि आकड्यांत उंची धरली होती खालच्या सपाट मैदानाची. गाव त्याहून सव्वाशे मीटर वर होतं.

"किती सरकला डाग?"

"दीडशे मीटर. उताराच्या वरच्या अंगाला." तिने कागद उलगडला. "गोदामावर नाहीच तो. तिथे लॉन्ड्री आहे. रुग्णालयांच्या चादरी धुतात. कपडे वाळवायची यंत्रं गॅसच्या आगीवर चालतात."

मी विचारलं, "फोन केलास?"

सगळं केलं होतं तिने. इंजिनिअर फोन उचलत नव्हता. कंपनीच्या ऑफिसातून सांगितलं, लेखी पाठवा; लेखी पाठवलं होतं. विभागप्रमुख प्रवासात होते, त्यांना निरोप ठेवला होता. अग्निशमन दलाला फोन केला तर त्यांनी विचारलं, वास कोणाला येतोय? ती म्हणाली, कोणालाच नाही. तुम्ही कुठून बोलताय? चार तास लांबून. मग बाई, कंपनीला कळवा. लॉन्ड्रीत फोन नुसता वाजत होता. यंत्रांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

"पण खरंच, वास का नाही येत?" मी विचारलं. "गॅसला तर वास असतो."

"मुद्दाम मिसळलेला असतो. मातीतून लांबवर झिरपत आला तर माती तो गाळून टाकते. उरलासुरला साबणात आणि धुलाईच्या औषधात कोणाला कळणार?"

अर्ध्या वाटेवर मी तिला म्हटलं, तू चुकलीही असशील, उगाच जीव टांगणीला लावू नकोस. त्यावर तिने मला जे सांगितलं ते मी बाबांना आजवर सांगितलेलं नाही.

"मंगळाच्या वेळी ते पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं," ती म्हणाली. "यंत्र तापतंय हे मला स्वतःलाच सापडलं होतं. अकरा दिवस मी तो कागद खणात ठेवला. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. रोज संध्याकाळी खण लावून घरी यायची. बाराव्या दिवशी पत्र आलं. लोक हसले ते मी चुकले म्हणून. मी गप्प बसले हे कोणाला कळलंच नाही."

मी गाडीचा वेग वाढवला.

आम्ही पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. उंच छपराची लांबलचक इमारत, आत वाफेचा पडदा. एका बाजूला कपडे धुणारी मोठाली पिंपं गरगरत होती, दुसऱ्या बाजूला वाळवायची यंत्रं, आणि प्रत्येकाच्या छोट्या काचेतून आत निळी आग दिसत होती. मध्ये तीसेक बायका ओले ॲप्रन घालून चादरी ओढत, झटकत, घड्या घालत होत्या. कोणीतरी गाणं म्हणत होतं.

तिथली मुकादम म्हणजे धिप्पाड बाई, सगळ्या तिला मोठ्या बाई म्हणत. आत्याला बघून तिने विचारलं, "कोण तुम्ही? गॅसवाल्या?"

"नाही. मी उपग्रहावरून हवा तपासते."

"कुठली हवा?"

"आधी मंगळावरची तपासायचे. आता इथली."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. या कोणाच्या पेशंट, असं ते बघणं होतं. आत्याने कागद पुढे केला. "तुमच्या इमारतीच्या मागे, कदाचित खालीही, गॅस साठलाय. सगळ्यांना बाहेर काढा. आत्ताच."

"वास तर नाही येत."

"या खोलीत कशाचाच वास येणार नाही."

"दोन वाजता रुग्णालयाची गाडी येते, बाई. तीनशे चादरी द्यायच्यात. ऑपरेशनं अडतील. तुमच्या कागदावर मी तीनशे चादरी अडवू?"

तिचंही चूक नव्हतं. आत्याने कागद गुंडाळला. मला वाटलं, संपलं, आता ही माघार घेणार. पण ती मागच्या खिडकीशी गेली. मागच्या कुंपणावर एक वेल होता, दोन्ही टोकांना हिरवागार आणि मधला दहा-बारा फुटांचा पट्टा पार वाळलेला.

"हा कधी वाळला?"

"दोन महिने झाले. पाणी घालतो तरी."

"जमिनीतून वायू आला की मुळं गुदमरतात," आत्या म्हणाली.

शेजारी घड्या घालणाऱ्या बाईने मान वर न करता म्हटलं, "मागच्या बाजूला काम केलं की डोकं गरगरतं. आम्ही पाळ्या लावल्यात. तासाला एकजण."

मोठ्या बाई तिच्याकडे वळल्या. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पाणी पीत जा."

मग मोठ्या बाईंनी आत्याला विचारलं, "खात्री आहे तुमची?"

बावीस वर्षं आत्या या प्रश्नापासून पळत होती. "नाही," ती म्हणाली. "चुकले असेन तर चादरी उशिरा जातील आणि लोक मला हसतील. चुकले नसेन तर..." तिने काचांमागच्या निळ्या आगीकडे बोट दाखवलं.

मोठ्या बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटतं, कागदापेक्षा त्यांचा विश्वास त्या भीतीवर बसला. एवढं घाबरलेलं माणूस चेष्टा करायला चार तास प्रवास करून येत नाही. त्यांनी दोन बोटं तोंडात घालून शिटी वाजवली, आणि तीस डोकी वर झाली.

"बाहेर. हातातलं आहे तिथे टाका. चला."

"बटणं बंद करू नका," आत्या ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "दिवा नको, यंत्र नको, कशालाही हात लावू नका. ठिणगी पडते. गॅसची चावी बाहेरून बंद करा."

अंगणात मुख्य चावी होती, ती मोठ्या बाईंनी स्वतः फिरवली. काचांमागच्या निळ्या आगी एकेक करून विझल्या. पिंपं मात्र तशीच फिरत राहिली. माणूस नसलेल्या त्या खोलीत ओल्या चादरी वर जात होत्या, धप्पकन खाली पडत होत्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आम्ही सगळ्या रस्ता ओलांडून समोरच्या चांभाराच्या दुकानापाशी उभ्या राहिलो. मोठ्या बाईंनी डोकी मोजली, पुन्हा मोजली. "तीस. एकतीस हव्यात."

"आज मागे पाळी कोणाची होती?" कोणीतरी विचारलं.

ते सगळ्यांनाच माहीत होतं. मागच्या कोठीत घडीच्या चादरी ठेवतात, तिथली बाई शिटी ऐकून आली नव्हती. मोठ्या बाई रस्ता ओलांडून निघाल्या. आणि त्यांच्या मागे माझी आत्या. मी तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला, रागाने नाही, दुकानात गर्दीत वाट काढावी तसा.

मी तिथेच उभी राहिले. कबूल करते, मी पुढे गेले नाही. समोर उघडं दार, आत वाफ, आणि ते धप्प, धप्प. शेजारच्या बाईने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. किती वेळ गेला, तीन मिनिटं की चार, सांगता येत नाही. त्या वेळात मी फक्त एकच विचार करत होते, की बाबांना काय सांगू.

मग दारात तीन आकृत्या दिसल्या. मधल्या बाईचे पाय ओढल्यासारखे पडत होते. डोकं दुखतं म्हणून ती चादरींच्या गठ्ठ्यावर टेकली होती आणि तिथेच तिला ग्लानी आली होती. रस्त्यावर आणून बसवलं, वारा घातला, तेव्हा तिने डोळे उघडून विचारलं, "सुट्टी झाली?"

आत्या पायरीवर बसली होती. तिचे दात वाजत होते. मी विचारलं, "का गेलीस आत?" ती म्हणाली, "बाहेर उभं राहून मोजत बसणं मला जमलं नसतं."

मोठ्या बाईंनी चांभाराच्या दुकानातून कंपनीला फोन केला. त्या काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही, पण उपग्रहाचा त्यात उल्लेख नव्हता. चाळीस मिनिटांत इंजिनिअर आला. त्याने आत्याला ओळखलं नाही, त्याने तिचा फक्त आवाज ऐकला होता. तो यंत्र घेऊन इमारतीच्या मागे गेला. तिथे जमिनीत लोखंडी जाळी होती. फार पूर्वी तिथून नाला वाहायचा, तो झाकून वर इमारत बांधली होती. त्याने जाळीपाशी यंत्र नेलं आणि तो एकदम दोन पावलं मागे आला. मग पळत रस्त्यावर येऊन त्याने आधी कंपनीला फोन करून अख्ख्या गावाचा गॅस बंद करायला सांगितलं.

नंतर तो आत्यासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्हीच का त्या? बाई, सुई शेवटपर्यंत गेली. नळी वर टेकडीवर कुठेतरी फुटलीय, आणि सगळा वायू या झाकलेल्या नाल्यातून खाली उतरतोय. वरच्या पंख्यांनी हवा ओढून नेली म्हणून आत कमी होता. फरशीखाली मात्र भरलाय." त्याने ओठांवरून हात फिरवला. "मी गोदामावर आलो होतो ना त्या दिवशी, तेव्हा इथूनच चालत गेलो. तोंडात सिगारेट होती."

काहीच झालं नाही, म्हणजे स्फोट झाला नाही. इमारत जशीच्या तशी राहिली. नळी खणून काढायला तीन दिवस लागले. टेकडीवर तिचा सांधा उकलला होता. लॉन्ड्री अडीच महिने बंद राहिली. त्या काळात चादरी दुसरीकडे जाऊ लागल्या, आणि उघडल्यावर नऊ बायकांना परत बोलावणं आलंच नाही. मोठ्या बाईंनी फोन करून ते आत्याला सांगितलं. "तुमचा राग येतो," त्या म्हणाल्या, "आणि येत नाहीही. काय करू ते सांगा." आत्याने त्या नऊ जणींची नावं विचारून लिहून घेतली. संस्थेत, ओळखीत, जिथे जमेल तिथे ती वर्षभर त्यांच्या कामासाठी शब्द टाकत राहिली. पाच जणींचं जमलं.

वर्तमानपत्रवाले आले तेव्हा ती मागच्या दाराने निघून गेली. विभागप्रमुखांनीच सगळं सांगितलं, आणि स्वतः "पुन्हा बघू" म्हटल्याचंही सांगितलं, हे त्यांच्या मोठेपणाला धरून होतं. धीट बाई हे शब्द त्या बातमीतले.

भीती गेली असेल असं तुम्हाला वाटेल. ती गेली नाही, उलट वाढली. आधी तिला स्वतःच्या चुकण्याची भीती होती. आता कुठल्या गावावर कुठला डाग आपण बघायचा राहिला असेल, ही भीती बसली. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं ती जुनी चित्रं एकेक करून डोळ्यांत तेल घालून बघत होती. जेवतानाही एखाद्या गावाचं नाव काढायची आणि उठून निघून जायची. बाबा म्हणायचे, "आधी ही फोनला घाबरायची, आता फोन न केल्याला घाबरते."

त्या काळात तिने आणखी दोनदा फोन केले. पहिल्यांदा ती बरोबर ठरली. दुसऱ्यांदा चुकली. एका मोठ्या झाकलेल्या बाजाराच्या छपरावर नवा रंग दिला होता आणि तो रंगच मिथेनसारखा दिसत होता. ऐन गर्दीच्या दिवशी तिच्या शब्दावर सगळा बाजार रिकामा केला गेला, आणि चार तास शोधूनही काही निघालं नाही. लोक चिडले. एका वर्तमानपत्राने तिचं व्यंगचित्र काढलं, नाकाला उपग्रह बांधलेली बाई. त्याच सकाळी आत्या मला म्हणाली, चल, बाजारात जाऊन येऊ.

मी म्हटलं, वेडी आहेस का? पण ती ऐकेना. गाडीत तिने एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही. पोचल्यावर ती दुकानांच्या रांगेतून चालत गेली आणि प्रत्येकापुढे थांबून म्हणाली, "काल जिच्यामुळे बाजार बंद ठेवावा लागला, ती मी. चूक माझी होती. रंगाची खूण मी नीट तपासली नाही." कोणी तोंड फिरवलं. कोणी बोलून घेतलं. एका भांडीवाल्याने तिला पुरतं फैलावर घेतलं. ती सगळं उभ्याने ऐकत होती, आणि मला तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती.

शेवटी दमून तो भांडीवाला म्हणाला, "पुन्हा असं काही दिसलं, तर पुन्हा फोन करणार?"

"करणार," आत्या म्हणाली.

"पुन्हा चुकलात तर?"

"तर पुन्हा येईन."

त्याने गल्ल्यामागचं एक स्टूल ओढलं आणि तिला बसायला सांगितलं. पाणी दिलं. तिने पेला दोन्ही हातांनी धरला तरी थोडं साडीवर सांडलंच.